मातीचा दाखला

"सर, व्हिस्कीच्या डब्यावरचा मजकूर एम. ए.च्या वर्गात वाचायचा, एवढेच आता बाकी राहिले होते!" आमच्या महाविद्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी प्राध्यापकांच्या खोलीत चारचौघांदेखत मला हे ऐकवले. प्रसंग असा की, समीक्षेच्या तासाला मी 'अस्सलता' ही संज्ञा शिकवीत होतो आणि उदाहरणादाखल टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवला होता. फिकट निळसर-हिरव्या रंगाचा. लंडनला नोकरी करणाऱ्या भाच्याने आणलेल्या बाटलीचा तो डबा. बाटलीचे पुढे काय झाले, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. आक्षेप मात्र अप्रस्तुत मानता येत नाही, कारण तो मद्याबद्दलचा नव्हताच. 'असला मजकूर म्हणजे काही साहित्य नव्हे, तेव्हा त्याची चिकित्सा कसली करायची,' असा तो आक्षेप होता. आणि नेमके हेच मला अमान्य आहे. त्या डब्यावर आणि तो बाजारात आणणाऱ्यांच्या प्रचारात जे शब्द येतात, माती, परंपरा, अस्सल, पुनरुज्जीवन, तेच शब्द आपल्या पुस्तक-परीक्षणांत दर महिन्याला येत असतात. फरक असलाच तर तो आपल्या बाजूने लाजिरवाणा आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील आयला बेटावरची ही डिस्टिलरी. (बेटाचा उच्चार असाच आहे, मराठी माणसाच्या तोंडून तो उद्गारचिन्हासह बाहेर पडतो, त्याला इलाज नाही.) डिस्टिलरीचे नाव ब्रुकलॅडी. गेलिक भाषेतल्या मुळाशी गेले तर अर्थ साधारणपणे 'किनाऱ्याची चढण' असा होतो. हार्वे घराण्यातील भावांनी लॉख इंडाल या खाडीच्या काठी १८८१ मध्ये ती उभारली. पुढे मालक बदलत गेले आणि १९९४ मध्ये तत्कालीन मालकांनी 'गरजेपेक्षा जास्त' ठरवून तिला टाळे लावले. डिसेंबर २००० मध्ये लंडनच्या वाइन व्यवसायातून आलेले मार्क रेनियर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुमारे ६५ लाख पौंडांना विकत घेतली, आणि वयाच्या पंधराव्या वर्षापासून शेजारच्या बोमोर डिस्टिलरीत वाढलेले जिम मॅकइवन यांना उत्पादनप्रमुख म्हणून आणले. २००१ च्या पहिल्या पाच महिन्यांत सारी व्हिक्टोरियन यंत्रसामग्री खोलून, दुरुस्त करून पुन्हा जोडली गेली. २९ मे २००१ रोजी पात्रांतून पहिली धार निघाली. उत्पादनात संगणक नाही, कृत्रिम रंग नाही, बाटल्या भरण्याचे कामही बेटावरच, अशी प्रतिज्ञा होती आणि ती बरीचशी पाळलीही गेली. त्यांनी स्वतःला 'पुरोगामी हेब्रिडियन' असे बिरुद लावले. हा शब्द आमच्याकडे किती झिजला आहे याची त्यांना कल्पना नसावी. २०१२ मध्ये रेमी क्वान्त्रो या फ्रेंच कंपनीने ५ कोटी ८० लाख पौंड मोजून हे सर्व विकत घेतले.

ही झाली हकीकत. आता 'पुनरुज्जीवन' या शब्दाकडे पाहू.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून गाळलेली आणि कायद्याने किमान ३ वर्षे ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की. म्हणजे बंद पडलेली डिस्टिलरी आज सुरू केली तरी विकायला आज काहीच नसते. जे असते ते आधीच्या मालकांनी गोदामात सोडून दिलेले पिंपांतले मद्य. ब्रुकलॅडीच्या नव्या कारकिर्दीतील पहिल्या दशकात जे विकले गेले त्यातला मोठा भाग हा असा वारसाहक्काने आलेला साठा होता. डिस्टिलरी निरुपयोगी ठरवून बंद केली जाण्यापूर्वी गाळलेला! हा साठा फ्रान्सच्या नामांकित वाइन-घराण्यांच्या पिंपांत काही काळ ओतून, नव्या नावांनी, नव्या चित्रांनी बाजारात आणला गेला. एका वेळी इतक्या तऱ्हा निघत की निष्ठावंत ग्राहकही गोंधळून जात. डिस्टिलरीतील कॅमेऱ्यांवर अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या एका विभागाची नजर असल्याचे २००३ मध्ये उघडकीस आले, तर त्या प्रसंगाचीही एक बाटली निघाली. पूर्णतः नव्या कारकिर्दीत गाळलेली दहा वर्षांची व्हिस्की यायला २०११ उजाडले. शिवाय २९ मे २००१ रोजी जे पहिले मद्य गाळले ते पीटच्या दाट धुराने भारलेले होते, आणि बंद पडण्याच्या आधी कित्येक वर्षे ब्रुकलॅडीची ओळख होती ती धूर नसलेल्या, हलक्या व्हिस्कीची. मग पुनरुज्जीवन कशाचे झाले? इमारतीचे, पात्रांचे, नावाचे. चवीच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून नवनिर्मितीच चालू होती.

यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. पुनरुज्जीवन नेहमी असेच होत असते. माझा प्रश्न पुढचा आहे: पुनरुज्जीवनाचा दावा करणारा माणूस आपला आधार दाखवतो की झाकतो?

या प्रश्नाला स्कॉटलंडच्या साहित्यात मोठा इतिहास आहे, आणि आपल्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो अर्धाच शिकवला जातो. जेम्स मॅकफर्सन याने १७६० पासून पुढच्या काही वर्षांत ऑसियन नावाच्या प्राचीन गेलिक कवीच्या काव्याची 'भाषांतरे' प्रसिद्ध केली. युरोप वेडा झाला. गटेच्या वेर्थरच्या हातीही ऑसियन आला. डॉ. जॉन्सन यांनी तेवढे साधे विचारले की मूळ हस्तलिखिते कोठे आहेत? ती समाधानकारकरीत्या कधीच पुढे आली नाहीत. १८०५ मध्ये एडिनबरोच्या हायलँड सोसायटीच्या समितीने जो अहवाल दिला त्याचे तात्पर्य असे की, मॅकफर्सनने खऱ्या लोकगाथांचा आधार घेतला होता, परंतु त्यात मनसोक्त भर घातली, गाळले, जोडले. म्हणजे निव्वळ खोटे नव्हते. खऱ्याच्या जिवावर उभे केलेले, पण कोणते खरे व कोणते रचलेले हे वाचकाला कळू न देणारे असे ते काव्य होते. आपल्या अभ्यासक्रमात गोष्ट येथे संपते.

तिचा उत्तरार्ध आयला बेटावरचा आहे. जॉन फ्रान्सिस कॅम्बेल हा या बेटाच्या जमीनदाराचा मुलगा, जन्म १८२१ चा. वडिलांचे १८४८ च्या सुमारास दिवाळे निघाले, बेट हातचे गेले, आणि ज्याला वारसा म्हणून बेट मिळायचे त्याला लहानपणी शिकलेली गेलिक भाषा तेवढी उरली. १८६० ते १८६२ या काळात त्याने पश्चिम हायलँडमधील लोककथांचे ४ खंड प्रसिद्ध केले. आयलावरच्याच हेक्टर मॅक्लीन या शाळामास्तरासारखे गेलिकभाषक संग्राहक त्याने कामाला लावले. कथा सांगणाऱ्याच्या तोंडची गेलिक संहिता आणि शेजारी इंग्रजी भाषांतर तो छापी, आणि कथा कोणाकडून मिळाली ते नोंदवी: माणसाचे नाव, धंदा, गाव. कोळी, गवंडी, भटके, म्हाताऱ्या बाया. ऑसियनच्या वादाची चर्चा त्याने स्वतः केली आहे. मॅकफर्सनने जे केले नाही ते करायचे, ही त्याची प्रतिज्ञाच दिसते.

तेव्हा पुनरुज्जीवनाच्या दोन रीती झाल्या. मॅकफर्सनची आणि कॅम्बेलची. माझे म्हणणे असे की ब्रुकलॅडीच्या मांडणीवर या दोन्ही रीती एकाच फळीवर शेजारी शेजारी उभ्या आहेत.

कॅम्बेलची रीत आधी. रेनियर यांनी वाइनच्या जगातून 'तेर्वार' ही कल्पना आणली. जमीन, हवा, उतार, पाऊस यांची छाप पिकातून पेल्यापर्यंत पोहोचते, अशी ती कल्पना. व्हिस्कीच्या धंद्यात ती हास्यास्पद मानली जाई, कारण बार्ली कोठलीही असो, चव पिंपातून येते असा सार्वत्रिक समज होता. ब्रुकलॅडीने आयलावरच्या शेतकऱ्यांना बार्ली पेरायला लावली, एकेका शेताचे पीक वेगळे गाळले, वेगळे मुरवले आणि बाटलीवर शेताचे नाव व पिकाचे वर्ष छापले. 'रॉकसाइड, २००७' असे. ऑर्कनी बेटांवरचे 'बेअर' नावाचे जुने, कमी उतारा देणारे वाणही असेच वेगळे गाळले. याला मी सातबारा म्हणतो. तो खरा की खोटा हे तपासता येते, आणि तपासता येणे हीच त्याची किंमत. पुढे रेनियर यांनी आयर्लंडमध्ये वॉटरफर्ड येथे हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. त्या प्रकल्पातून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात दोन वाणे दोन ठिकाणी पेरून, त्यांच्या ताज्या गाळलेल्या मद्यात ठिकाणानुसार फरक पडतो असे दाखवले. ताज्या मद्यात, हे लक्षात ठेवायचे. वर्षानुवर्षे पिंपात राहिल्यावर त्यातले किती उरते हा पुढचा प्रश्न. दावा इतका अचूक झाला की त्याची मर्यादाही दिसू लागली. (वॉटरफर्डवर २०२४ च्या अखेरीस धनकोंचे प्रशासक नेमले गेले. पुरावा देणाऱ्याला बाजार बक्षीस देतोच असे नाही.) स्वतः ब्रुकलॅडीने २०१६ मध्ये आणखी एक चांगली गोष्ट केली. मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या मद्याचे वय तेवढे सांगावे, जुन्यांची वये मिरवू नयेत असा कायद्याचा दंडक आहे. त्यावर तोड म्हणून 'क्लासिक लॅडी' या व्हिस्कीच्या बाटलीवरचा सांकेतिक क्रमांक घेऊन कोणालाही त्या मिश्रणातली पिंपे व वर्षे पाहता येतील, अशी सोय त्यांनी केली.

आता मॅकफर्सनची रीत. याच घराची 'ब्लॅक आर्ट' नावाची एक महागडी व्हिस्की आहे. तिच्यात कोणती पिंपे वापरली ते मुख्य गाळणाऱ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसणे हीच तिची जाहिरात. जे घर एका हाताने सातबारा दाखवते तेच दुसऱ्या हाताने म्हणते, 'विचारू नका, मोहित व्हा.' दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. आयलाच्या शेतात पिकलेली बार्ली मोड आणण्यासाठी बेट सोडून इन्व्हर्नेसला जाते आणि माल्ट होऊन परत येते. पिंपांचा ओक बहुतांशी अमेरिकेचा किंवा फ्रान्सचा. हे काही गुपित नाही. विचारले तर ते सांगतात. परंतु मातीच्या कथेत हा समुद्रप्रवास येत नाही. कथेत शेत येते, वारा येतो, खाऱ्या लाटा येतात आणि एकदम पेला येतो. मधले वगळणे ही अलंकाराची सर्वांत जुनी युक्ती आहे.

'ऑक्टोमोर' घ्या. जगातली सर्वांत धुरकट व्हिस्की म्हणून हिचा लौकिक. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे कुजून दबलेला वनस्पतींचा थर. तो वाळवून जाळतात आणि त्याच्या धुरावर मोड आलेली बार्ली सुकवतात. धुराचे प्रमाण दशलक्षांत किती भाग फिनॉल, असे मोजतात. त्यांच्याच 'पोर्ट शार्लट' व्हिस्कीचे प्रमाण ४०, तर ऑक्टोमोरच्या '०८.३' या आवृत्तीचे ३०९.१. हा आकडा छाती दडपणारा खरा, पण तो माल्टमध्ये मोजलेला आहे, बाटलीतल्या मद्यातला नव्हे. गाळताना व मुरताना त्यातला बराच भाग गळून जातो. ग्राहक मात्र तो आकडाच पितो.

आणि ऑक्टोमोर या नावाचा अर्थ? पोर्ट शार्लट गावावरच्या चढणीवर ऑक्टोमोर नावाचे शेत आहे. गेलिकमध्ये 'ओख्तव मोर' म्हणजे मोठा अष्टमांश. ते जमीन-आकारणीचे जुने माप आहे; आयलावर अष्टमांशांवरून पडलेली आणखीही शेतनावे आहेत. आपल्या आणेवारीच्या, चावराच्या जातीचा हा शब्द. सारा कोणी किती भरायचा हे सांगणारा. आज त्या शब्दाचा अर्थ 'प्रचंड धूर' असा झाला आहे. पोर्ट शार्लट हे गाव १८२८ मध्ये वसवले ते कॅम्बेलच्या वडिलांनी, आणि आपल्या आईचे, लेडी शार्लट हिचे नाव त्याला दिले. ही लेडी शार्लट पुढे लेडी शार्लट ब्यूरी या नावाने कादंबरीकार म्हणून गाजली. म्हणजे जिच्या नावाने धुरकट मद्य विकले जाते ती इंग्रजी कादंबरीकार, आणि लोककथांचा तो प्रामाणिक संग्राहक हा तिचा नातू! साहित्याच्या प्राध्यापकाला डब्यावरचा मजकूर वाचण्याचा अधिकार आहे की नाही, हे आता आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगावे.

या नावांखाली माणसे होती. १८३० च्या दशकाच्या सुमारास आयलाची लोकसंख्या १५ हजारांच्या घरात होती. आज ती ३ हजारांच्या आसपास आहे. कर्जात बुडालेली जमीनदारी, खंडाची वाढ, बटाट्याचा दुष्काळ, मेंढ्यांसाठी मोकळी केलेली शेते, ग्लासगो आणि कॅनडाकडे निघालेली जहाजे. विल्यम लिव्हिंग्स्टन हा आयलाचा गेलिक कवी. १८७० मध्ये तो ग्लासगोत वारला. त्याची 'कवीला निरोप' या अर्थाच्या शीर्षकाची कविता याच ओस पडलेल्या बेटावर आहे. निसर्गाची सारी समृद्धी जागच्या जागी असून माणसे नाहीत, हेच तिचे दुःख. ब्रुकलॅडीच्या प्रचारातही निसर्गाची सारी समृद्धी आहे. तेथे ओसाडपण हे दुःख राहत नाही, चवीचा गुण होतो: निर्जन, रानटी, वाऱ्याने झोडपलेले. बेटावर गेलिक दर पिढीला मागे हटते आहे. शेताची नावे गेलिक, त्यांचे अर्थ इंग्रजी टिपेत, आणि ती उच्चारणारे थोडे.

कोणी म्हणेल, दारू गाळणाऱ्यांनी भाषा जगवण्याचा मक्ता घेतला आहे काय? मुळीच नाही. त्यांनी बंद कारखाना चालू केला, बेटावर नोकऱ्या आणल्या, शेतकऱ्यांना गिऱ्हाईक दिले. याउपर त्यांच्याकडून गेलिकची अपेक्षा करणे मला अप्रामाणिक वाटते. माझे भांडण त्यांच्याशी नाहीच. ते आहे ते 'मातीचा गंध' या दोन शब्दांवर उदरनिर्वाह करणाऱ्या आपल्या समीक्षेशी. नेमाड्यांची देशीयतेची मांडणी मान्य असो वा नसो, तिच्यामागे विचार आहे. त्यांच्यामागून आलेल्या परीक्षणकारांनी मात्र त्या विचाराचे अत्तर केले. 'अस्सल मातीतली कादंबरी', 'रांगडी बोली', 'मातीशी नाळ'. कोणती माती? कोणत्या तालुक्याची? बोली कोणाची: मालकाची की सालगड्याची? ती बोली लेखकाने ऐकलेली की आधीच्या ग्रामीण कथांतून उचललेली? यातले काहीही न विचारता आपण दाखला देतो. मॅकफर्सनला निदान हस्तलिखिते मागणारा एक जॉन्सन भेटला.

त्या तासाला मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, या डब्याबद्दल आपण शेत, पिकाचे साल, धान्याचे वाण एवढे सगळे सांगितलेत. मागच्या आठवड्यात आपण वाचलेल्या परीक्षणात गावाचे नावसुद्धा नव्हते." ते परीक्षण मी लिहिलेले होते. आठ वर्षांपूर्वीचे. घरी जाऊन काढून पाहिले. 'माती' हा शब्द सहा वेळा आला होता, आणि कादंबरी जेथे घडते ते गाव ऊसपट्ट्यातले की कोरडवाहू, एवढेही मी सांगितले नव्हते.

हा विषय दूरच्या बेटाचा वाटत असेल तर गोव्याकडे पाहावे. पॉल जॉन ही सिंगल माल्ट गोव्यात गाळली जाते आणि तिच्या धुरकट प्रकारांसाठी पीट स्कॉटलंडहून येते. माती बोटीत घालून नेता येते, हे यातून कळते. त्यात लाजण्यासारखे काही नाही, सांगितले म्हणजे झाले. २०२५ च्या जुलैमध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या; त्यानुसार स्कॉचवरचे १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. मराठी पुरवण्यांत आता या व्हिस्क्यांची रसाळ वर्णने येऊ लागतील, आणि ती लिहिणारे बहुधा आपलेच विद्यार्थी असतील, कारण मराठी एम. ए. झालेल्यांना जाहिरातीच्या मजकुराइतके काम अन्यत्र कोठे मिळते? त्यांच्या हाती आपण कोणती शब्दकळा देऊन त्यांना पाठवतो आहोत?

पुढच्या वर्षी डबा वर्गात पुन्हा नेणार आहे. सोबत कॅम्बेलच्या संग्रहातली दोन पाने, कथा सांगणाऱ्यांच्या नावांसकट, आणि माझे ते परीक्षण. ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही तासाला बसण्याचे निमंत्रण दिले आहे. ते येतो म्हणाले. डबा रिकामाच असतो ना, एवढे मात्र दोनदा विचारून घेतले.